कार्बन शाई (इंकजेट मुद्रण)

कार्बन शाई ही कृष्णधवल छायाचित्रांच्या इंकजेट मुद्रणात वापरली जाणारी रंगद्रव्ययुक्त शाई आहे. तिच्यात काजळीसारख्या कार्बनचे अतिसूक्ष्म कण द्रवात विखुरलेले असतात. रंगीत शाया मिसळून साधलेल्या करड्या छटेतील प्रत्येक रंग वेगवेगळ्या गतीने फिका पडतो. त्यामुळे कालांतराने चित्रावर रंगाची झाक दिसू लागते. कार्बन मात्र प्रकाशाने सहसा फिका पडत नाही. जुन्या भारतीय हस्तलिखितांतील काजळीची शाई याच गुणामुळे टिकली आहे.

या पद्धतीत प्रिंटरमधील मूळ कार्ट्रिजऐवजी पुन्हा भरता येणारी कार्ट्रिज बसवतात आणि त्यांत काळी शाई व तिच्या कमी-अधिक पातळ केलेल्या करड्या शाया भरतात. त्यामुळे चित्राच्या उजळ भागात ठिपके जाणवत नाहीत. अमेरिकी मुद्रणकार जॉन कोन यांची ‘पिएझोग्राफी’ ही अशीच प्रणाली होय. शाईतील कण तळाशी बसतात. तसेच प्रिंटर दीर्घकाळ न वापरल्यास त्याची सूक्ष्म छिद्रे तुंबू शकतात.