येनानचा यांगगे: छत्री, विळा आणि पुन्हा छत्री

येनान (शान्शी प्रांत, चीन): उत्तर चीनमधील खेड्यांत चांद्र नववर्षाच्या पहिल्या पंधरवड्यात गावकरी एकत्र येऊन जो नाच करतात, त्याला यांगगे म्हणतात. या नावाचा सरळ अर्थ ‘रोपांचे गाणे’ असा आहे आणि ही रोपे भाताची आहेत. दक्षिणेकडील ओल्या शेतांत लावणीच्या वेळी ढोलाच्या ठेक्यावर जी गाणी म्हटली जात, त्यांच्यापासून हा प्रकार निघाला आणि पुढे हळूहळू उत्तरेकडे पसरला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. येनान ज्या भागात आहे त्या उत्तर शान्शीत मात्र भाताला फारसा वाव नाही. वाऱ्याने वाहून आणलेल्या पिवळ्या मातीचे हे कोरडे पठार असून येथील शेतकऱ्याचे परंपरागत पीक राळा आहे, जुनी घरे टेकड्यांच्या पोटात कोरलेली आहेत आणि सगळ्या वर्षाची भिस्त उन्हाळ्यात पडणाऱ्या थोड्याशा पावसावर असते. भाताच्या गाण्याचे नाव धारण करणारा नाच राळ्याच्या मुलखात इतका खोल रुजला, कारण त्यातले मागणे दोन्हीकडे एकच होते: पाऊस वेळेवर पडावा आणि दाणा घरात यावा.

हे मागणे वसई तालुक्यातील कामणच्या वाचकाला परके वाटणार नाही. कामणदुर्ग आणि तुंगारेश्वराच्या डोंगरांपासून उत्तरेकडे डहाणू-तलासरीपर्यंत पसरलेल्या वारली समाजात पावसाचा देव नारनदेव आणि धान्याची देवी कणसरी यांना जे स्थान आहे, तेच उत्तर चीनच्या खेड्यात नागराजाला, म्हणजे पाऊस देणाऱ्या जलदेवतेला आहे. भात तयार होऊ लागले की पाड्यावर दुधी भोपळा, बांबू आणि ताडाची पाने यांपासून केलेला तारपा निघतो, तारपा वाजवणाऱ्याभोवती स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून वेटोळे धरतात आणि तो जिकडे वळेल तिकडे, त्याच्याकडे पाठ होऊ न देता, सगळी साखळी वळत जाते. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांमुळे हे वेटोळे जगभर पोचले. यांगगेही असाच एका माणसामागे चालणारा नाच आहे, आणि त्याचा इतिहास समजून घ्यायचा तर त्या एका माणसाच्या हातात कोणत्या काळी काय होते, हे पाहणे सर्वांत सोयीचे ठरते.

उत्तर शान्शीत या म्होरक्याला ‘सानथौ’ म्हणतात. मराठीत त्याला छत्रधारी म्हणता येईल, कारण त्याच्या एका हातात रंगीत झालरीची छत्री असते आणि तिचा अर्थ गावात सर्वांना ठाऊक असतो: ऊन आणि पाऊस आपापल्या वेळी, बेताने यावेत. छत्रधारी छत्री फिरवतो तेव्हा रांग चालू लागते, थांबवतो तेव्हा ढोल, झांजा आणि सुओना ही वाद्ये शांत होतात आणि तो गाऊ लागतो. सुओना हे आपल्या सनईच्या कुळातले, दुहेरी जिव्हाळीचे वाद्य असून त्याचे नाव फारसी ‘सुरना’वरून आलेले आहे, म्हणजे पश्चिमेकडून आलेले एकच वाद्य एका वाटेने महाराष्ट्राच्या नगारखान्यात आणि दुसऱ्या वाटेने चीनच्या खेड्यात पोचले. छत्रधारी जे गातो ते पाठ केलेले नसते. ज्या दारात रांग उभी असेल त्या घराची परिस्थिती पाहून तो चार ओळी तिथल्या तिथे रचतो. नवे घर बांधले असेल तर घरावर, सून आली असेल तर सुनेवर, म्हातारे माणूस असेल तर त्याच्या आयुष्यावर, आणि शेवटची ओळ सगळी रांग उचलून धरते. गावात चांगल्या नाचणाऱ्यांची वाण नसते. चांगला छत्रधारी मात्र विरळा, आणि शेजारच्या गावाच्या रांगेशी गाठ पडली की दोन्ही छत्रधाऱ्यांमध्ये सवाल-जवाबही रंगतात.

नाचाचा क्रमही ठरलेला आहे. रांग प्रथम देवळात जाते, तिथे नाच अर्पण करते, मग दारोदार फिरते. प्रत्येक घर फटाके वाजवून तिचे स्वागत करते आणि खाण्यापिण्याचे काही देते, कारण यांगगेने अंगण तुडवले की वर्षभराची इडापिडा बाहेर जाते अशी श्रद्धा आहे. पावले अवघड नसतात. काही पावले झपाट्याने पुढे, एक मागे, कंबर आणि खांदे लयीत डोलत, दोन्ही हातांत कमरेला बांधलेल्या लांब रेशमी पट्ट्याची टोके. नाचण्याला चिनी लोक जे क्रियापद वापरतात त्याचा अर्थच पिळणे, मुरडणे असा आहे. रांगेत सोंगेही असतात: कमरेला कागदी होडी बांधून कोरड्या जमिनीवर वल्हवत जाणारी बाई आणि तिचा नावाडी, गाढवाच्या सांगाड्यात उभी असलेली माहेरवाशीण, उंच काठ्यांवर चालणारे नट. पूर्वी बायकांची सोंगेही पुरुषच घेत, आणि नवरा-बायको किंवा प्रियकर-प्रेयसी यांच्या लाडिक, कित्येकदा उघड उघड चावट संवादांवर गाव खळखळून हसे. हा चावटपणा नाचाला लागलेला डाग होता, असे पुढच्या सुधारकांनी ठरवले. परंतु ज्या विधीत शेत फळावे म्हणून मागणे मागितले जाते, त्यात स्त्री-पुरुषांची थट्टा आणि प्रजननाच्या खुणा असणे हे जगभर आढळते आणि ती त्या विधीच्या अर्थाचीच एक बाजू असते.

पंधराव्या दिवशी, बहुधा माघी पौर्णिमेच्या सुमारास, या सगळ्याचा कळस होतो. मोकळ्या शेतात एकोणीस आडव्या आणि एकोणीस उभ्या ओळींत ३६१ दिवे (कोठे कोठे ३६५) मांडून त्यांच्यामधून नऊ वळणांचा एक चकवा आखला जातो. छत्रधारी पुढे आणि सगळे गाव मागे, असे रांगेने त्यात शिरतात आणि न चुकता बाहेर पडले की वर्ष निर्विघ्न जाईल असे मानतात. यांगगेचा खरा अर्थ या चकव्यात जितका स्पष्ट दिसतो, तितका रंगमंचावरील कोणत्याही प्रयोगात दिसत नाही. येथे प्रेक्षक कोणीच नसतो. आजारी माणूससुद्धा आधार घेऊन त्या वळणांतून जातो.

या नाचाचे दुसरे आयुष्य येनानमध्येच सुरू झाले. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हे गाव चिनी कम्युनिस्ट पक्षाचे केंद्र होते, आणि मराठी वाचकाला ते ओळखीचे आहे ते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यामुळे. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीसाठी भारताने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर असे दोघे महाराष्ट्राचे होते. कोटणीस फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोचले, पुढे आघाडीवर गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी हपै प्रांतात त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात माओ त्से-तुंग यांनी येनानमध्ये लेखक-कलावंतांपुढे केलेल्या भाषणांत कलेने कामगार, शेतकरी आणि सैनिक यांच्यासाठी उभे राहावे, आणि त्यासाठी त्यांच्याच कलांपासून शिकावे, असा आग्रह धरला होता. शांघायसारख्या शहरांतून आलेल्या, पाश्चात्त्य नाटक आणि संगीत शिकलेल्या तरुण कलावंतांनी खेड्याकडे पाहिले तेव्हा त्यांना यांगगे दिसला. कोटणीसांच्या मृत्यूनंतर दोनच महिन्यांनी आलेल्या १९४३ च्या चांद्र नववर्षात लू शुन कला अकादमीची यांगगे मंडळी येनानच्या रस्त्यांवर उतरली.

त्यांनी रांग तशीच ठेवली, ढोल आणि पट्टे तसेच ठेवले, पण छत्री काढली. म्होरक्यांच्या हातात आता कामगाराचा हातोडा आणि शेतकऱ्याचा विळा आला, देवळाची फेरी गेली, विनोदी सोंगे कमी झाली आणि स्त्रिया स्वतः नाचू लागल्या. त्या वेळी गाजलेल्या ‘भाऊ-बहीण पडीक जमीन फोडतात’ या छोट्या संगीतिकेत आळशीपणाचे सोंग करणारा भाऊ आणि त्याला रागावणारी बहीण आहे. जुन्या यांगगेतील जोडपे येथे भावंडे झाले, कारण तसे केल्याने शृंगार आपोआप गळून पडत होता, आणि नाकेबंदीत सापडलेल्या प्रदेशाने स्वतःचे धान्य स्वतः पिकवावे हा संदेश मात्र पुरेपूर पोचत होता. या प्रयोगांतूनच १९४५ मध्ये ‘पांढऱ्या केसांची मुलगी’ ही मोठी संगीतिका उभी राहिली.

त्याच सुमारास मुंबईत जे घडत होते ते याच्याशी ताडून पाहण्यासारखे आहे. १९४३ मध्ये तेथे ‘इप्टा’ ही जननाट्यसंस्था स्थापन झाली आणि १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. तमाशाचा साचा घेऊन अण्णा भाऊंनी गणातील गणेशवंदनेच्या जागी मातृभूमी आणि श्रमिक यांना वंदन आणले आणि गवळण वगळली. देवळाची फेरी आणि शृंगार वगळणाऱ्या येनानच्या सुधारणेशी याचे साम्य थक्क करणारे आहे. फरक असा, आणि तो मोठा आहे, की अण्णा भाऊ स्वतः त्या परंपरेत जन्मलेले शाहीर होते आणि त्यांचे पथक सत्तेविरुद्ध उभे होते, तर येनानमध्ये बदल वरून, पक्षाच्या धोरणातून आला आणि ज्यांची ती कला होती त्यांना ती पुन्हा शिकवण्यात आली. येनानच्या कलावंतांची तळमळ खोटी नव्हती. ते खरोखर खेड्यांत राहिले, शेतकऱ्यांकडून चाली शिकले, आणि स्त्रियांना नाचात स्वतःची जागा मिळाली ही त्यांची कायमची देणगी आहे. परंतु छत्रीबरोबर दारात उभे राहून तत्काळ रचलेले गाणेही मागे पडले आणि त्या जागी लिहून आलेला मजकूर आला, हे नुकसान तेवढेच खरे आहे.

१९४९ मध्ये क्रांतिसेना एकेका शहरात शिरली तेव्हा यांगगे तिच्या पाठोपाठ शिरला आणि विद्यार्थी, कामगार, कारकून असे सगळे तो नाचू लागले. सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात (१९६६–७६) देवळांच्या जत्रा बंद पडल्या. १९८० नंतर खेड्यांत देवळाची फेरी, चकवा आणि छत्री परत आली, आणि शहरांत निवृत्त स्त्रियांनी संध्याकाळी बागांतून यांगगे सुरू केला. आज चीनच्या प्रत्येक शहरात दिसणाऱ्या ‘चौकातील नाचा’चा तो एक पूर्वज होय. सरकारने २००६ मध्ये शान्शी, शानतुंग, हपै इत्यादी प्रांतांतील यांगगेचे प्रकार राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत घेतले, २०१५ मध्ये चौकातील नाचासाठी बारा प्रमाणित रचना जाहीर केल्या आणि जून २०२२ पासून लागू झालेल्या ध्वनिप्रदूषणाच्या कायद्यात अशा सार्वजनिक नाचांच्या आवाजालाही नियम घातले. २८ जानेवारी २०२५ रोजी नववर्षाच्या दूरचित्रवाणी सोहळ्यात सोळा यंत्रमानवांनी हातरुमाल फिरवत यांगगे नाचून दाखवला आणि देशाने त्याचे कौतुक केले.

ते यंत्रकौशल्य कौतुकास्पदच आहे, आणि बागेत नाचणाऱ्या स्त्रियांना त्यातून आरोग्य आणि सोबत मिळते हेही लहानसहान नाही. तरीही प्रमाणित बारा रचना आणि यंत्रमानवांचा नाच या दोहोंना यांगगेची पावले म्हणता येईल, यांगगे म्हणता येणार नाही; कारण त्यांत कोणाच्या दारात कोणी उभे राहत नाही आणि त्या घरासाठी कोणी चार ओळी रचत नाही. वारसा म्हणून नोंद करताना पावले, पोशाख आणि वाद्ये टिपणे सोपे असते, प्रसंग आणि शब्द टिपणे अवघड असते, आणि जे अवघड तेच आधी नाहीसे होते. तारप्याच्या बाबतीत हा धोका कमी नाही; शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि शासकीय समारंभात तो आज सहज दिसतो, पण जे शेत पिकले म्हणून तो वाजवायचा ते भाताचे शेत मुंबईलगतच्या पट्ट्यात वर्षागणिक आक्रसत आहे. कामण परिसरातील शिक्षकांनी आणि तरुणांनी यंदाच्या हंगामात पाड्यांवरील वृद्ध तारपावादकांकडे जावे, कोणती चाल कोणत्या वेळी वाजते, कोणत्या देवाच्या नावाने नाच सुरू होतो आणि कोणती गाणी म्हटली जातात, हे त्यांच्याच तोंडून आणि त्यांच्याच बोलीत नोंदवून ठेवावे.