संगणकांतील दोन कारकून

धाराशिवच्या बाजारांतील आडतीवर एकच कारकून कीर्द लिहितो, तोंवर तंटा नाहीं. दोघे बसविले, कीं दोघेहि शंभराची तीच शिल्लक वाचतात. एक दहा मिळवितो, दुसरा वीस, आणि कीर्दीत उरतात एकशेवीस! संगणकांत दुसरा प्रोसेसर बसविला म्हणजे हेंच भय. पुण्याच्या सी-डॅकनें १९९१ सालीं सिद्ध केलेल्या ‘परम ८०००’ मध्यें प्रत्येक प्रोसेसरची स्मृति स्वतंत्र होती. घरगुती यंत्रांत ती सामाईक. म्हणून लिनक्स प्रणालीनें १९९६ सालीं आपल्या गाभ्याला एकच मोठें कुलूप घातलें. आंत एका वेळीं एकच प्रोसेसर. दुसरा दाराशीं तिष्ठत राही. पगारी माणूस ओसरीवर बसविण्यासारखाच हा कारभार! पुढें खात्याखात्याला निराळीं कुलुपें आलीं. परंतु तें मोठें कुलूप समूळ निघावयास २०११ साल उजाडलें.