संगणक आधी स्वतःलाच विचारतो

कामाच्या मध्येच बोटं आपोआप यूट्यूबचं नाव टाइप करतात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पान उघडतं. तेवढ्या वेळात किती काही घडून जातं! संगणकाला नुसतं नाव पुरत नाही. त्याला आकड्यांतला आयपी पत्ता लागतो. तो इंटरनेटवर विचारण्याआधी संगणक स्वतःच्याच डिस्कवरची एक छोटीशी फाइल चाळतो. तिचं नाव ‘होस्ट्स’.

ही फाइल इंटरनेटच्या बालपणापासून चालत आली आहे. १९७०च्या दशकात आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या सगळ्या संगणकांची नावं आणि पत्ते एकाच यादीत मावत. ती यादी कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा चमू सांभाळायचा. नवा संगणक जोडला की त्यांना कळवायचं. बाकीच्यांनी नवी यादी उतरवून घ्यायची. जाळं वाढलं, यादी पुरेनाशी झाली आणि १९८३मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस या नव्या व्यवस्थेची रचना मांडली. नावं सांभाळायचं काम अनेक सर्व्हरांत वाटलं गेलं. तरी ती जुनी फाइल विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींत आजही आहे, आणि सहसा पहिला मान तिचाच.

मन विचलित करणारी साइट बंद करण्याची किमया याच मानात आहे. अ‍ॅडमिनचे अधिकार घेऊन फाइल उघडायची आणि एक ओळ लिहायची: आधी १२७.०.०.१, मग साइटचं नाव. हा पत्ता म्हणजे खुद्द तुमचाच संगणक. १२७ने सुरू होणारे १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते याच कामासाठी राखून ठेवलेले आहेत! स्वतःच्याच पत्त्यावर टाकलेलं पत्र पोस्टात न जाता घरातल्या घरात फिरावं, तशी ब्राउझरची विनंती केबलपर्यंत पोचतच नाही. संगणकावर वेब सर्व्हर चालू नसला, तर जोडणी तिथल्या तिथे नाकारली जाते.

फाइल अक्षराला अक्षर जुळवते, म्हणून ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह आणि त्याशिवाय, अशा दोन्ही नावांच्या ओळी लागतात. शिवाय हा बंदोबस्त त्या एका संगणकापुरता. फोनला तो लागू नाही.

लिहिलेली ओळ मोहाच्या क्षणी आपणच पुसू शकतो. त्यावरही तोड निघाली आहे. मॅकवरचं ‘सेल्फकंट्रोल’ हे मोफत अ‍ॅप अशाच नोंदी करून त्यांना मुदत घालतं. मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करा किंवा अ‍ॅपच काढून टाका, ठरवलेली वेळ संपेपर्यंत साइट बंदच राहते. सकाळच्या शांत डोक्यानं घेतलेला निर्णय दुपारच्या चंचल मनाच्या हाती लागत नाही.

आपलं लक्ष खेचून घेण्यासाठी बलाढ्य कंपन्या अहोरात्र राबतात. आपल्या संगणकावर मात्र त्यांच्याआधी आपल्याला विचारलं जातं. त्या प्रश्नाचं उत्तर आपण लिहून ठेवायला हवं.