चाबुकस्वारातला ‘चाबूक’

चाबुकस्वार हे आडनाव ऐकले की चाबूक उगारलेला घोडेस्वार डोळ्यांपुढे येतो. शब्दाचे मूळ मात्र वेगळेच सांगते. फारसीत ‘चाबुक’ हे मुळात विशेषण, अर्थ चपळ, चलाख. ‘चाबुक-सवार’ म्हणजे घोड्यावर सफाईने मांड ठोकणारा. इराणात आजही शर्यतीच्या जॉकीला हेच म्हणतात. फटके मारायच्या साधनाला तिथे ‘ताजियाना’ आणि ‘शल्लाक’ ही नावे आहेत. घोड्याला चपळ करणारी वस्तू म्हणून तिलाही ‘चाबुक’ म्हणू लागले असावेत. आसूड, कोरडा हे शब्द वापरात असताना मराठीने हा पाहुणा घेतला तो या दुसऱ्या अर्थाने. मग इथल्या लोकांनी आडनावाचा अर्थ चाबकावरून लावला तर त्यांचे चुकले कुठे, असे कोणी विचारेल. रोजच्या वापरात काहीच चुकले नाही. पण चाबुकस्वार म्हणजे नवा घोडा फेरून स्वारीला तयार करणारा, घोड्यातला जाणकार. मारणे ही त्याची ओळख नव्हे. वस्तूचे नाव पालटले तरी धंद्याच्या नावात जुना अर्थ टिकून राहिला.

हाच शब्द पूर्वेकडे गेला आणि मलय भाषेत ‘चांबुक’ झाला. दक्षिण आफ्रिकेत, आफ्रिकान्स भाषेत, तो ‘शॅम्बॉक’ झाला. तिथे तो थेट भारतातून गेला असेल काय? शंका रास्त आहे, कारण डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ मध्ये केपला ठाणे वसवल्यावर बंगाल आणि मलबारहूनही गुलाम नेले होते. मात्र आपल्या ‘चाबूक’मध्ये नसलेला अनुनासिक मलयमध्ये आहे आणि आफ्रिकान्समध्येही. ‘ब’च्या आधी ‘म’ कुठेही शिरू शकतो, तेव्हा एवढ्यावर निकाल देणे घाईचे. पण आफ्रिकान्सने केळ्याला ‘पिसांग’ आणि बशीला ‘पिअरिंग’ म्हणावे, हेही मलयचेच देणे. कंपनीचा आशियातला कारभार बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, चालत होता. हे सारे जमेस धरता मलय बेटांवरून गेलेली वाटच मला पटते.

वस्तू मात्र वाटेत पार बदलली. शॅम्बॉक म्हणजे पाणघोड्याच्या किंवा गेंड्याच्या जाड कातड्याची, मुठीकडून टोकाकडे निमुळती होत जाणारी, साधारण मीटर-दीड मीटरची छडी. तिला लोंबती वादी नसते. आपल्याकडचा गाडीवान तिला चाबूक म्हणायचा नाही. पुढे ती प्लास्टिकचीही होऊ लागली आणि १९८० च्या दशकात वर्णभेदी राजवटीचे पोलीस निदर्शकांवर शॅम्बॉकच चालवत होते.