ते गाडगीळ आणि हे गाडगीळ



गळीत हंगाम आटोपला, टोळ्या आपापल्या गावी गेल्या, शेवटच्या बिलांची धावपळ संपली आणि चार दिवस रजा टाकून मी सासुरवाडीला गेलो. सासुरवाडी रत्नागिरी जिल्ह्यातली, चिपळूण आणि खेड यांच्या मधल्या पट्ट्यात. निमित्त लग्नाचे होते. कुंभार्ली घाट उतरून पोफळीला आले की माझ्यातला शेतीखात्याचा माणूस दर वेळी जागा होतो. कोयनेचे पाणी इथे वीज करून पुढे वाशिष्ठीला मिळते आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला जाते. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायला दिलेले पाणी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी. आपल्याकडे एका पाळीसाठी भाऊभाऊ पाटावर भांडतात आणि इथे हे पाणी बघत बसायचे! असो, तो विषय आजचा नाही.

आमचे सासरे निवृत्त प्राथमिक शिक्षक. पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे. लग्नाची गर्दी पांगल्यावर पडवीत बसलो होतो, तेव्हा त्यांनी विचारले, "जावईबापू, तुमच्या साखर कारखान्यांचे ते गाडगीळ, आणि आमच्याकडे खाडी बघायला आले होते ते गाडगीळ, एकाच घरातले काय हो?"

"बापलेक," मी म्हणालो.

सासरे थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग बापाचं ऐकलंत, त्यावर बंगले बांधलेत. लेकाचं का नाही ऐकलंत?"

मला उत्तर देता आले नाही. घाट चढून परत आलो तरी प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हा लेख.

आधी वडिलांचे. धनंजयराव गाडगीळ १९०१ साली जन्मले, केंब्रिजला शिकले. पुण्यात १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, तिचे ते पहिले संचालक. मोठा विद्वान माणूस, पण नुसता पुस्तकात बसणारा नव्हे. त्यांच्या संस्थेची माणसे वह्या घेऊन खेड्यात जायची. बियाणाला किती, बैलाला किती, सावकाराला किती आणि हातात काय राहिले, असा शेतकऱ्याचा जमाखर्च मांडायची. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या वाई तालुक्याची अशी पाहणी १९४० साली छापून निघाली आहे. आज आपण एकरी खर्चाचा तक्ता करतो, तसे काम त्या काळी तालुकाभर करणे म्हणजे काय, याची कल्पना करावी.

तेव्हा कालव्याखालच्या बागाईतदाराची अवस्था तुमच्या वडीलधाऱ्यांनी सांगितली असेल. ऊस पिकवायचा याने, गुळाचा भाव ठरवायचा दुसऱ्याने, आणि साखर कारखाने होते ते खाजगी मालकांचे. नगर जिल्ह्यात बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, १९४५ साली बागाईतदारांची परिषद झाली. अध्यक्षपदी धनंजयराव. ऊस आपला आहे तर कारखानाही आपला का नसावा, हा विचार तिथे पुढे आला. ऐकायला आज सोपे वाटते. त्या वेळी शेतकरी आणि यंत्र, शेतकरी आणि लाखांचे कर्ज, या गोष्टी शहाण्यासुरत्या माणसांनाही एकत्र दिसत नव्हत्या.

हा विचार गावात नेला लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी. शाळा थोडी शिकलेले, पण गावोगाव, वस्तीवस्तीवर फिरून, शेतकऱ्याच्या भाषेत शेअर म्हणजे काय ते समजावून त्यांनी पैसा उभा केला. मुंबई सरकारात वैकुंठभाई मेहता मंत्री होते, त्यांनी पाठबळ दिले. १९५० साल सरता सरता प्रवरेचे गाळप सुरू झाले. सुरुवातीची दहाएक वर्षे अध्यक्ष म्हणून खुद्द गाडगीळ होते. एका सभासदाला एक मत, मग शेअर एक असो की पन्नास, ही पद्धत आपल्या अंगवळणी इतकी पडली आहे की ती कुणी तरी विचार करून, वाद घालून ठरवलेली आहे हेच आपण विसरतो.

आता मुलाचे. माधवराव जन्मले १९४२ साली, म्हणजे प्रवरेचा कारखाना उभा राहताना ते शाळकरी वयाचे. त्यांनी जीवशास्त्र धरले, अमेरिकेत हार्वर्डला डॉक्टरेट केली आणि परत येऊन १९७३ पासून बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत तीस वर्षे काढली. पुण्याच्या वा. द. वर्तकांबरोबर सह्याद्रीतल्या देवराया पालथ्या घातल्या. देवीच्या नावाने राखलेले रान का टिकले आणि सरकारी रान का तुटले, हा त्यांचा प्रश्न. वडिलांची माणसे शेतकऱ्याचा जमाखर्च विचारत फिरली, मुलगा डोंगराचा जमाखर्च विचारत फिरला, असे मला वाटते.

२०१० साली केंद्र सरकारने पश्चिम घाटासाठी तज्ज्ञांची समिती नेमली, माधवराव तिचे अध्यक्ष. समितीला जी कामे सांगितली त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे मुद्दाम नावानिशी होते. इथे खाणी, वीज प्रकल्प आणि प्रदूषण करणारे कारखाने यांचे पुढे काय करायचे ते सांगा, असे. त्या साली समितीची मंडळी या भागात फिरली, लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतही गेली. आमचे सासरे त्या गर्दीत होते. त्यांना आठवते ते एवढेच की, "साहेब लोकांपेक्षा त्यांनी भोई लोकांना जास्त विचारलं."

अहवालात लोट्याचा हिशोब दिला आहे. कारखान्यांत रोजगार सुमारे ११ हजारांना, आणि मच्छीमारांच्या म्हणण्याप्रमाणे खाडीतले मासे गेल्यामुळे पोट तुटले ते २० हजारांचे. दुसरा आकडा मच्छीमारांच्या तोंडचा आहे, हे ध्यानात ठेवावे. पण दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडून कुणी विचारले होते का?

अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सरकारला दिला. तो लोकांपुढे यायला २०१२ उजाडले, तेही कोर्टाची पायरी चढल्यावर. लोकांसाठी लिहिलेला कागद लोकांपासूनच दडवला की जे होते तेच झाले. कागदाच्या आधी अफवा गावात पोचली.

आणि ती पोचवणाऱ्यांत मी एक होतो. हे लिहिणे बरे वाटत नाही, पण लिहितो.

गाडगीळांच्या मागोमाग दुसरी समिती कस्तुरीरंगन यांची आली, तिचा अहवाल २०१३ साली. त्यात गावांच्या याद्या निघाल्या, आपल्या पाटण भागातल्या गावांचीही नावे होती. मी तेव्हा डोंगरपट्टा गटात ॲग्री ओव्हरसिअर होतो, वय तिशीचे. एका गावच्या देवळात ऊस लागणीची बैठक चालू असताना एक वयस्क सभासद उठले आणि म्हणाले, "ओव्हरसिअर, त्या गाडगीळ समितीनं ऊस बंद होणार म्हणतात, खरं काय?" मी बेधडक सांगितले, "होय. लागण बंद, जेसीबी बंद, घर बांधायचं तर परवानगी दिल्लीहून." टाळ्या नव्हे, पण माना हलल्या. पुढे त्या गावाने विरोधाचा ठराव केला. मी दोन्हीपैकी एकाही अहवालाचे एक पानसुद्धा पाहिलेले नव्हते. चहाच्या टपरीवर ऐकले होते ते बोललो, आणि कारखान्याचा माणूस बोलतो म्हणजे खरेच असणार असे लोकांनी धरले.

वाचला कधी? २०२१ च्या पावसाळ्यानंतर. त्या जुलैत २२-२३ तारखेला आपल्याकडे आंबेघर, मिरगाव इथे दरडी कोसळल्या. घाटाखाली खेड तालुक्यात पोसरे गेले, चिपळूण शहर पाण्यात बुडाले. सासऱ्यांच्या नात्यातल्या एका घरात माळ्यापर्यंत पाणी होते. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, २०१९ च्या ऑगस्टात, कृष्णा-पंचगंगेच्या काठचा ऊस शेंडे बुडून कुजला तो आपण पाहिलेला होता. या दरडी कशामुळे पडल्या याचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. पाऊसच एवढा पडला की भल्याभल्या डोंगराने हात टेकावेत. पण त्यानंतर गाडगीळांचे नाव पुन्हा जिकडे तिकडे ऐकू येऊ लागले आणि मी लाजेपोटी अहवाल मिळवून बसलो.

ऊस बंद करा, असे त्यात कुठे नाही. घाटाचे कमी-अधिक नाजूकपणाप्रमाणे तीन भाग केले आहेत. सर्वांत नाजूक भागात नव्या खाणी नकोत, पहिल्या दोन भागांत जास्त प्रदूषण करणारे नवे कारखाने नकोत. तीव्र उतारावर दरवर्षी नांगरायची पिके घेऊ नयेत, बारमाही झाडोरा धरावा. शेतकऱ्याने जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढवला तर त्याचा त्याला मोबदला मिळावा. हे शेवटचे आम्ही तुम्हाला पाचट जाळू नका म्हणून दर हंगामात सांगतो, त्याच्याच पुढची पायरी आहे, फक्त आम्ही मोबदल्याचे बोलत नाही! आणि सगळ्यांत महत्त्वाचे, या सीमा कायमच्या नव्हेत, ग्रामसभांनी बसून त्या ठरवाव्यात. लोकांच्या भाषेत अहवाल गावोगाव जावा, हा माधवरावांचा आग्रह होता.

सगळेच पटले असे नाही. तालुकाच्या तालुका एका रंगात रंगवला आहे, हे मला खटकते. एकाच तालुक्यात कोयनाकाठची गाळाची पट्टी आणि वरचा कातळ यांना एक माप कसे लावणार? रासायनिक कीटकनाशके पाच, आठ आणि दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करा, हेही हुमणी लागलेला फड ज्याने पाहिला आहे त्याच्या घशाखाली लवकर उतरणार नाही. मी 'हे अशक्य' असा शेरा पेन्सिलीने समासात मारलासुद्धा. मग लोकरी मावा आठवला. २००२ साली तो आला तेव्हा फवारण्या करून लोक थकले. माव्याला आवरले ते डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनी. त्यांच्या अळ्या-अंडी असलेली पाने कागदी पिशवीत घालून फडाफडातून सोडणारे सभासद अजून आहेत. शेरा खोडला नाही, पण त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढले.

तर सासऱ्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर आता असे. बाप आणि लेक दोघांचा विचार तसा एकच. ज्याचे रान त्याने बसून ठरवावे, मालकाने नाही आणि दिल्लीनेही नाही. पण वडिलांच्या विचाराला विखे पाटील भेटले. मुलाच्या विचाराला गावोगाव फिरणारा असा कुणी भेटला नाही, उलट माझ्यासारखे ओव्हरसिअर भेटले. आणि दुसरेही एक आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. कारखान्याच्या विचारात शेतकऱ्याच्या पदरात भाव पडत होता. डोंगराच्या विचारात डोंगरावरच्याने हात आवरायचा, आणि त्याचा फायदा खाली पाटाच्या पाण्यावर ऊस काढणाऱ्याला. वरच्या वाडीतला माणूस माती धरून ठेवील तर गाळ कमी आणि पाणी जास्त टिकेल ते आपल्या नदीत. मग त्याने हे फुकट का करावे?

२०१४ ते २०२४ या काळात सरकारी मसुदा सहा वेळा निघाला. प्रत्येक वेळी हरकती आणि ठराव झाले. या सगळ्यात ग्रामसभेपुढे बसून नकाशा उघडलेला मी एकाही गावात पाहिला नाही.

मला वाटते, आपल्या कार्यक्षेत्रात हे बोलणे सुरू व्हावे. डोंगरपट्टा गटातल्या उतारावरच्या जमिनींना बांबू, आंबा, काजू, गवत धरण्यासाठी खालच्या सभासदांनी टनामागे थोडीशी रक्कम बाजूला काढावी काय, हा विषय वार्षिक सभेत निघाला तर बरे. कपात हा शब्द काढला की सभेत काय होते ते मला ठाऊक आहे. माझी नोकरी आणि मी दोघेही त्याला तयार आहोत. संचालक मंडळाने याला मान्यता दिलेली नाही, हे माझे वैयक्तिक मत आहे, कृपया कुणी चेअरमनसाहेबांकडे जाऊ नये.

त्या वयस्क सभासदांकडे मागच्या महिन्यात मुद्दाम गेलो होतो. देवळातली बैठक त्यांना आठवत होती. मी म्हणालो, "आबा, त्या वेळी चुकीचं सांगितलं." ते म्हणाले, "मग ठराव झाल्यावर सांगून काय उपयोग?" आणि चहा टाकायला सांगितला. दोन तास बसलो. वरच्या अंगाची त्यांची अर्धा एकर पट्टी दर पावसात खाली येते आहे, तिथे काय लावता येईल ते पाहून आलो.

अहवालातल्या मुख्य शिफारशींचे मराठी टिपण मी हाताने तयार केले आहे. त्याच्या झेरॉक्स प्रती प्रत्येक गट ऑफिसात ठेवल्या आहेत. ज्यांना वाचायची आहे त्यांनी रजिस्टरला सही करून न्यावी आणि आठ दिवसांत परत आणून द्यावी. मागे हुमणीची पुस्तिका नेलेली मंडळी अजून परत आलेली नाहीत, त्यांनीही आणावी.