नदीकाठच्या गावात धावावे कोठे?

औदुंबर, अंकलखोप, भिलवडी, आमणापूर, ब्रह्मनाळ ही पलूस तालुक्यातील कृष्णाकाठची गावे. काळीभोर मळीची जमीन, नजर पोहोचेल तिथवर ऊस आणि डोंगर म्हणाल तर दूर क्षितिजावर. अशा सपाट गावांत अलीकडे पहाटे धावणाऱ्यांची संख्या वाढली आहे. पोलीस किंवा लष्करभरतीची तयारी करणारी मुले-मुली त्यात पुष्कळ असतात. मधुमेह व रक्तदाबासाठी डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेली प्रौढ मंडळीही असतात. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ‘किती धावावे’ याचा जेवढा विचार होतो, तेवढा ‘कोठे धावावे’ याचा होत नाही. सपाट मुलखात तर ‘रस्ता सरळ आहे, चढ-उतार नाही, मग कसली काळजी?’ असेच सर्वांना वाटते.

काळजी का करावी, याचे एक दुःखद उदाहरण सर्वांनी ध्यानात ठेवावे. जानेवारी २०२५ मध्ये बीड जिल्ह्यात घोडका राजुरीजवळ पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारे भरतीचे तीन तरुण बसखाली सापडून मृत्युमुखी पडले. सरळ, सपाट रस्त्यावर वाहनेही वेगात असतात. जानेवारीत आपल्याकडे नीट उजाडायला पावणेसात वाजतात आणि नदीकाठी त्यात धुक्याची भर पडते. म्हणून वाट निवडणे हा व्यायामाचाच पहिला भाग समजावा.

गावाभोवतीच्या चार वाटा

पहिली वाट डांबरी रस्त्याची. ती वर्षभर कोरडी व टणक असते, म्हणून सर्वांना सोयीची वाटते. तिच्यावर धावायचेच असेल तर उजव्या कडेने धावावे, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते. अंगात पांढरा किंवा पिवळा सदरा असावा, पाठीवर रेडियमची पट्टी लावावी. कानात गाणी नकोत आणि चौघांनी आडवे पसरून धावू नये. या रस्त्याचा आणखी एक दोष सहसा लक्षात येत नाही. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्यभागी उंच व कडेला उतरता असतो. जाता-येता उजव्या कडेनेच धावले, की उजवा पाय सतत खालच्या अंगाला पडतो. रोज असे झाले तर गुडघा व कंबर कुरकुर करू लागतात. म्हणून आठवड्याचे सर्व दिवस याच रस्त्यावर काढू नयेत. उसाच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालू असतात आणि कित्येकांना मागचा दिवा नसतो. त्या काळात अंधारात हा रस्ता टाळणेच शहाणपणाचे.

दुसरी वाट पाणंदीची. दिवाळीनंतर जमीन वाळली की ही वाट फार चांगली. वाहने कमी, माती मऊ, दोन्ही बाजूंना सावली. मात्र गाडीच्या चाकोरीत पाऊल वाकडे पडून घोटा मुरगळण्याची भीती असते, म्हणून दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावरून धावावे. उसाच्या कडेला नाग, घोणस, मण्यार यांचा वावर असतो. आपल्या जिल्ह्यात उसात बिबट्या दिसल्याच्या बातम्याही येतात. तेव्हा या वाटेने स्वच्छ उजाडल्यावरच जावे, एकट्याने जाऊ नये आणि अनवाणी तर मुळीच जाऊ नये. शेजारी उसाचा पाला पेटवला असेल किंवा औषधाची फवारणी चालू असेल, तर त्या दिवशी वाट बदलावी. धावताना आपण नेहमीपेक्षा कितीतरी पट हवा छातीत घेतो, तेवढाच धूरही आत जातो.

तिसरी वाट कालव्याच्या किंवा पाटाच्या भरावावरची. जेथे ती आहे तेथे सपाट गावातील सर्वांत निवांत वाट तीच. पावसाळ्यात तिची कड निसरडी होते, त्यामुळे तेव्हा ती सोडावी.

चौथी वाट शाळेच्या मैदानाची. मुलींना व नवशिक्यांना ही सर्वांत सुरक्षित. एकाच दिशेने गोल फिरत राहिल्यास एका पायावर जास्त ताण येतो, म्हणून निम्म्या फेऱ्या उलट दिशेने माराव्यात.

नदीचा घाट मात्र धावण्यासाठी नव्हे. पायऱ्यांवर शेवाळ असते. पुलाचा चढ किंवा घाटाच्या वरच्या कोरड्या पायऱ्या आठवड्यातून एकदा सावकाश चढण्यास हरकत नाही. सपाट जमिनीवर मांड्यांना जो व्यायाम मिळत नाही, तो त्यातून मिळतो.

सपाट जमिनीची फसवणूक

चढ आला की माणूस आपोआप मंदावतो, उतार आला की पायाची पट्टी बदलते. सपाटीवर असे काहीच होत नाही. पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत तेच स्नायू, तीच हाडे, तोच ठोका. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो. त्यात भरतीची जाहिरात निघाली की मुले एकदम अंतर दुप्पट करतात. मग नडगीच्या आतल्या बाजूला दुखू लागते. अशा वेळी आठ-दहा दिवस धावणे थांबवून चालणे किंवा सायकल चालवणे यावर भागवावे. बोटाने दाबल्यास एकाच ठिकाणी कळ येत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शक्यता असते. तेव्हा ‘दुखणे अंगावर काढू’ असे म्हणू नये, डॉक्टरांना दाखवावे.

यावर सोपा उपाय म्हणजे वाटांची अदलाबदल. दोन दिवस पाणंद, एक दिवस मैदान, एक दिवस डांबरी रस्ता आणि मध्ये विश्रांती. नवशिक्यांनी एक मिनिट धावावे व दोन मिनिटे चालावे, असे वीस मिनिटे करावे. धावता धावता सोबत्याशी दोन वाक्ये बोलता आली पाहिजेत. तेवढाही दम राहत नसेल तर वेग जास्त झाला असे समजावे. मोकळ्या रानात वाराही जोरात असतो. जाताना वाऱ्याच्या तोंडाशी जावे व येताना वारा पाठीशी घ्यावा, म्हणजे दमलेल्या वेळी त्रास कमी होतो.

अंतर मोजण्यासाठी मोबाईल नसला तरी अडत नाही. सायकलच्या चाकाचा घेर दोरीने मोजावा, आरीला चिंधी बांधावी आणि सायकल हाताने ढकलत फेऱ्या मोजाव्यात. घेर २ मीटर २० सेंटिमीटर असेल तर ४५५ फेऱ्यांत एक किलोमीटर होतो. भरतीच्या १६०० मीटरला ७२७ फेऱ्या लागतात. तेथे झाडाला चुन्याची खूण करून ठेवावी.

पुराच्या दिवसांत

२००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर कृष्णाकाठ विसरणार नाही. पाणी ओसरले तरी वाटेवरच्या गाळात काचा, तारा व काटे दडलेले असतात. जनावरांच्या, उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाला जखम असल्यास, लेप्टोचा जंतू शरीरात शिरतो. म्हणून चिखल वाळेपर्यंत घरीच दोरीवरच्या उड्या, बैठका व सूर्यनमस्कार घालावेत. पुराच्या पाण्यातून गेल्यावर ताप आला व अंग दुखू लागले, तर डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे.

हेही ध्यानात ठेवा

• चाळिशी उलटलेल्यांनी व रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी आधी तपासणी करावी. धावताना छातीत दडपण आले, डावा हात किंवा जबडा भरून आला, अंधारी आली तर तेथेच थांबून तातडीने मदत मागावी.

• मुलींना लवकर धाप लागत असेल तर ‘सराव कमी पडतो’ असे म्हणण्याआधी रक्तातील हिमोग्लोबिन तपासावे.

• वस्तीवरचा कुत्रा अंगावर आला तर पळू नये, थांबावे. चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी.

• साप चावल्यास घट्ट आवळणे, कापणे, चोखणे यांपैकी काहीही करू नये. पाय न हलवता १०८ च्या गाडीने थेट रुग्णालय गाठावे.

• मैदानावर कोणी ‘ताकदीचे’ इंजेक्शन किंवा गोळ्या देऊ केल्या तर स्पष्ट नकार द्यावा. जाण्यापूर्वी एक केळ, आल्यावर पाणी, ताक आणि भाकरी-उसळ एवढे पुरेसे आहे.

शेवटी एक विनंती ग्रामपंचायतींना. भरतीसाठी धावणारी पोरे डांबरी रस्त्यावर हौसेने जात नाहीत. पाणंदी अतिक्रमणाने बुजल्या, मैदानावर दिवा नाही, म्हणून ती तेथे जातात. येत्या ग्रामसभेत एक पाणंद मोकळी करून मुरूम टाकण्याचा आणि शाळेच्या मैदानावर दोन दिवे लावण्याचा विषय घ्यावा. पालकांनीही तो धरून लावावा. आपली मुले पहाटे घराबाहेर पडतात ती नोकरीच्या आशेने. ती धडधाकट घरी परत यावीत, एवढी व्यवस्था गावाने केलीच पाहिजे.