परीक्षेतील गुणांवर परिणाम करणारे घटक

परीक्षेतील गुणांवर परिणाम करणारे घटक म्हणजे विद्यार्थ्याला परीक्षेत मिळणारे गुण ज्या कारणांनी वाढतात किंवा घटतात, अशा बाबी होत. विद्यार्थ्याचे विषयज्ञान हे त्यांतील प्रमुख कारण असले, तरी ते एकमेव नाही. घरची आर्थिक व शैक्षणिक स्थिती, शाळेतील अध्यापन, प्रकृती, अभ्यासाची पद्धत, परीक्षेच्या दिवशीची परिस्थिती, प्रश्नपत्रिकेची रचना, उत्तरपत्रिका तपासणाऱ्याचा निर्णय आणि परीक्षा मंडळाचे नियम या सर्वांचा वाटा अंतिम गुणांत असतो. शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र या शाखांत या विषयावर विपुल संशोधन झाले आहे. भारतात दहावी व बारावीच्या गुणांवर पुढील प्रवेश अवलंबून असतात आणि प्रवेशाच्या यादीत एखाद्या गुणानेही महाविद्यालय बदलू शकते. त्यामुळे हा प्रश्न येथे केवळ शास्त्रीय कुतूहलाचा राहिलेला नाही.

गुण आणि ज्ञान यांतील अंतर

शैक्षणिक मापनाच्या अभिजात सिद्धान्तानुसार विद्यार्थ्याला प्रत्यक्ष मिळालेले गुण हे त्याचे ‘खरे गुण’ आणि मापनातील त्रुटी यांची बेरीज असते. या विचाराची पायाभरणी चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ च्या सुमारास केली. त्यापूर्वी १८८८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस एजवर्थ यांनी परीक्षांच्या गुणांमध्ये योगायोगाचा अंश किती असतो, याचे विवेचन केले होते. त्रुटी दोन प्रकारच्या असतात. काही यादृच्छिक असतात. उदाहरणार्थ, नेमका तयारी केलेला धडा विचारला जाणे. अशा त्रुटी अनेक परीक्षांच्या सरासरीत एकमेकींना बऱ्याच अंशी छेदतात. दुसऱ्या प्रकारच्या त्रुटी मात्र एकाच दिशेने काम करतात. ज्याला प्रश्नाची भाषाच परकी आहे, त्याचे गुण प्रत्येक परीक्षेत कमीच येतात आणि सरासरी काढल्याने तो दोष दूर होत नाही.

घर आणि कुटुंब

अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ४,००० शाळा आणि ६ लाखांहून अधिक विद्यार्थी यांची पाहणी करून १९६६ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांच्या संपादणुकीतील फरकांचे स्पष्टीकरण शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा कौटुंबिक पार्श्वभूमीतून अधिक मिळते, असा त्याचा निष्कर्ष होता. ‘शाळेमुळे काहीच फरक पडत नाही’ असा त्याचा अर्थ अनेकांनी काढला, परंतु अहवालाचे म्हणणे तितके टोकाचे नव्हते. पुढे १९८३ मध्ये स्टीफन हेनमन आणि विल्यम लॉक्सली यांनी अनेक देशांच्या तुलनेतून असे दाखवले की, गरीब देशांत शाळा व शिक्षक यांच्या दर्जाचा प्रभाव श्रीमंत देशांपेक्षा जास्त असतो. घरी शिकवणारे कोणी नसेल, तर मुलाचे शिक्षण वर्गात जे मिळते त्यावरच अवलंबून राहते, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

कुटुंबाचा प्रभाव अनेक वाटांनी पोहोचतो: पालकांचे शिक्षण, घरातील पुस्तके, अभ्यासासाठी स्वतंत्र जागा, शिकवणीचा खर्च, घरकाम किंवा शेतीकामात जाणारा वेळ. घरची भाषा आणि शाळेची भाषा वेगळी असणे हाही त्यातलाच एक भाग आहे. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी किंवा नंदुरबारमधील भिल्ली बोलणाऱ्या मुलांना मराठी माध्यमाची शाळा म्हणजे दुसऱ्या भाषेची शाळा असते. अशा विद्यार्थ्याचे गणिताचे गुण कमी आले, तर उणीव गणितात आहे की शाब्दिक उदाहरणाच्या आकलनात, हे गुणपत्रिका सांगू शकत नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळते. कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणारी मुले विक्रीचे गुंतागुंतीचे हिशेब तोंडी व अचूक करत होती. मात्र तशाच आकडेमोडी शालेय पद्धतीने कागदावर मांडून दिल्यावर त्यांना त्या जमल्या नाहीत. शाळेत जाणाऱ्या, पण बाजारात काम न करणाऱ्या मुलांची स्थिती नेमकी उलट होती. कौशल्य असणे आणि परीक्षेला हव्या त्या रूपात ते दाखवता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शाळा आणि शिक्षक

वर्गातील विद्यार्थिसंख्येविषयीचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात झाला. बालवाडी ते तिसरीच्या मुलांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे १३ ते १७ मुलांच्या लहान वर्गात किंवा २२ ते २५ मुलांच्या नेहमीच्या वर्गात घालण्यात आले. लहान वर्गांतील मुलांचे गुण अधिक आले आणि कृष्णवर्णीय मुलांना त्याचा लाभ जास्त झाला. येथील ‘मोठा’ वर्गही महाराष्ट्रातील अनेक शहरी शाळांच्या वर्गांहून पुष्कळ लहान होता, हे ध्यानात घेऊनच हे निष्कर्ष वापरावे लागतात.

भारतात आधीचा प्रश्न शिक्षक वर्गात असण्याचा होता. राजस्थानातील उदयपूर परिसरात सेवा मंदिर या संस्थेच्या एकशिक्षकी केंद्रांत शिक्षकांनी दिवसाच्या आरंभी व अखेरीस मुलांसह वेळ नोंदवणाऱ्या कॅमेऱ्याने छायाचित्र काढायचे आणि वेतन हजेरीशी जोडायचे, अशी योजना करण्यात आली. शिक्षकांची अनुपस्थिती जवळजवळ निम्म्यावर आली आणि मुलांचे गुणही वाढले. एस्थर डुफ्लो, रेमा हॅना व स्टीफन रायन यांचा हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

मुंबई व वडोदरा येथील ‘बालसखी’ उपक्रम याहून वेगळा होता. प्रथम या संस्थेने वस्तीतीलच तरुणींना प्रशिक्षण देऊन, महापालिका शाळांत मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून मूलभूत वाचन व गणित शिकवण्याची व्यवस्था केली. या मुलांच्या गुणांत ठळक वाढ झाल्याचे अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये नोंदवले. इयत्तेच्या पाठ्यपुस्तकाऐवजी मुलाच्या प्रत्यक्ष पातळीपासून शिकवणे, हे या यशाचे कारण मानले जाते.

आरोग्य व पोषण

सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ मधील आदेशानंतर प्राथमिक शाळांत शिजवलेले माध्यान्ह भोजन देशभर सुरू झाले. हे भोजन पाच वर्षांपर्यंत मिळालेल्या मुलांचे वाचनचाचणीतील गुण, ते वर्षभराहून कमी काळ मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी अधिक असल्याचे २०१९ मधील एका अभ्यासात आढळले. दृष्टिदोष ही दुर्लक्षित राहणारी बाब आहे. चीनच्या गान्सू प्रांतात गरजू विद्यार्थ्यांना मोफत चष्मे दिल्यावर त्यांचे गुण वाढले. अनेक कुटुंबांनी मात्र चष्मा मोफत असूनही नाकारला.

अभ्यासाची पद्धत

हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विस्मरणाची गती मोजली आणि एकाच बैठकीतील पाठांतरापेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक टिकते, हे दाखवले. हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिके यांच्या २००६ मधील प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुनःपुन्हा वाचला, तर इतरांनी एकदा वाचून नंतर पुस्तक मिटून आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. पुनर्वाचनाने विषय आल्याचा जो भास होतो, तो याच पहिल्या पाच मिनिटांचा असतो. दोन-तीन दशके गाजलेल्या ‘लातूर पॅटर्न’मधील सततच्या सराव परीक्षांमागे हे संशोधन नव्हते, पण तत्त्व तेच होते.

परीक्षेचा दिवस

परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या झोपेला मोठे महत्त्व दिले जाते. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांची झोप सत्रभर मनगटी उपकरणाने मोजली असता, आदल्या रात्रीच्या झोपेचा गुणांशी संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो त्याआधीच्या आठवड्यांतील झोपेचा कालावधी, तिचा दर्जा आणि नियमितपणा यांच्याशी. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

हवा व तापमान यांचा परिणाम वेगळा काढणे एरवी कठीण असते. तथापि इस्राएलमध्ये शालान्त परीक्षा अनेक दिवस चालते. त्यामुळे एकाच विद्यार्थ्याच्या स्वच्छ आणि प्रदूषित दिवसांतील गुणांची तुलना करता आली. ज्या दिवशी हवेत सूक्ष्म कणांचे प्रमाण जास्त होते, त्या दिवशी गुण कमी आले. न्यूयॉर्कमधील शालेय परीक्षांबाबत उष्ण दिवसांचा असाच परिणाम नोंदवला गेला आहे.

परीक्षेच्या ताणाबाबत रॉबर्ट यर्क्स व जॉन डॉडसन यांचा १९०८ मधील नियम वारंवार उद्धृत केला जातो: मध्यम ताण उपकारक, अतिताण घातक. मूळ प्रयोग उंदरांवरचा होता, याचा उल्लेख सहसा होत नाही. सामाजिक दडपणाचा पुरावा अधिक थेट आहे. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडवायला दिले. जात उघड केलेली नसताना ‘उच्च’ व ‘निम्न’ मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी सारखीच होती. सर्वांसमोर प्रत्येकाची जात पुकारल्यावर ‘निम्न’ मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली.

तपासणी

डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी १९१२ मध्ये इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांकडून तपासून घेतली, तेव्हा १०० पैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण मिळाले. भाषेत मतभेद होणारच, असा आक्षेप आल्यावर त्यांनी पुढील वर्षी भूमितीची उत्तरपत्रिका घेतली. तेथील तफावत आणखी मोठी निघाली: कोणी २८ गुण दिले होते, तर कोणी ९० हून अधिक. मांडणी, आकृती आणि अर्धवट पायऱ्या यांना किती गुण द्यावेत, यावर परीक्षकांचे एकमत नव्हते. उत्तरसूची, परीक्षकांवर नियामक आणि गुणदानाचे टप्पे ही व्यवस्था अशा तफावतीवरचा उपाय आहे.

भारतात रेमा हॅना व ली लिंडन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उत्तरपत्रिकांच्या मुखपृष्ठावर विद्यार्थ्याची जात यादृच्छिकपणे लिहिण्यात आली. ‘निम्न’ जात लिहिलेल्या उत्तरपत्रिकांना शिक्षकांनी थोडे कमी गुण दिले. फरक लहान होता, परंतु उत्तरे तीच असताना तो पडला होता. मंडळाच्या परीक्षांत परीक्षकापासून विद्यार्थ्याची ओळख लपवण्याचे समर्थन अशा निष्कर्षांतून होते.

महाराष्ट्रातील दहावीचे निकाल

परीक्षेच्या नियमांचा गुणांवर होणारा परिणाम महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीच्या निकालांत स्पष्ट दिसतो. मार्च २०१८ च्या परीक्षेचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला आणि २०२० मध्ये ९५.३० टक्क्यांवर गेला. लागोपाठच्या तीन वर्षांतील लाखो विद्यार्थ्यांच्या कुवतीत एवढे चढउतार संभवत नाहीत. २०१९ मध्ये नवा अभ्यासक्रम आला होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन बंद करण्यात आले होते. शाळांकडून हे गुण सढळ हाताने दिले जातात, अशी टीका आधीपासून होत होती. परंतु इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांना अंतर्गत गुण मिळत असल्याने अकरावीच्या प्रवेशात राज्य मंडळाचे विद्यार्थी मागे पडतील, अशी तीव्र प्रतिक्रिया उमटली आणि पुढील परीक्षेपासून हे गुण पुन्हा सुरू झाले. २०१९ च्या तुकडीला मात्र त्याचा लाभ मिळाला नाही. २०२० मध्ये कोविड-१९ साथीमुळे भूगोलाची परीक्षा रद्द झाली आणि त्या विषयाचे गुण इतर विषयांच्या सरासरीने देण्यात आले.

२०२१ मध्ये लेखी परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि दहावीतील शाळास्तरावरचे मूल्यमापन यांवरून निकाल लावण्यात आला, तो ९९.९५ टक्के लागला. २०२२ मध्ये अभ्यासक्रम कमी केलेला होता, वेळ वाढवून दिला होता आणि बहुतेकांना स्वतःच्याच शाळेत परीक्षा देता आली, निकाल ९६.९४ टक्के होता. नेहमीच्या पद्धतीने झालेल्या २०२३ च्या परीक्षेत तो ९३.८३ टक्के राहिला. त्याच वर्षी प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी देण्याची प्रथा बंद करून ती दहा मिनिटे शेवटी जोडण्यात आली.

टक्केवारीच्या हिशेबातही नियमांचा भाग आहे. सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरण्याच्या ‘बेस्ट फाइव्ह’ सूत्रावरून २०१० मध्ये न्यायालयीन वाद झाला. मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले, तर सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. क्रीडा, शास्त्रीय कला, लोककला व चित्रकला यांचे वाढीव गुणही बेरजेत येतात. दिव्यांग विद्यार्थ्यांना लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. ही सवलत गुण वाढवण्यासाठी नसून लेखनातील अडथळ्याचा परिणाम गुणांवर होऊ नये यासाठी आहे.

कॉपी हा निकालावर परिणाम करणारा आणखी एक घटक होय. परीक्षांतील गैरप्रकार रोखण्यासाठी राज्यात १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे. नांदेड जिल्ह्यात २०१० च्या सुमारास प्रशासनाने कॉपीमुक्ती अभियान कडकपणे राबवल्यावर तेथील निकाल एकदम घसरला.

विभागवार निकालांत कोकण विभाग २०१२ मधील स्थापनेपासून उत्तीर्णतेत सातत्याने अग्रस्थानी आहे. २०२४ मध्ये त्याचा निकाल ९९.०१ टक्के, तर सर्वांत कमी असलेल्या नागपूर विभागाचा ९४.७३ टक्के होता. त्याच वर्षी १०० टक्के गुण मिळवणाऱ्या १८७ विद्यार्थ्यांपैकी १२३ लातूर विभागातील होते, म्हणजे कोणता विभाग ‘पुढे’ हे कोणता आकडा पाहिला त्यावर ठरते. मुलींचे उत्तीर्णतेचे प्रमाण मुलांपेक्षा दरवर्षी अधिक असते. २०२४ मध्ये ते अनुक्रमे ९७.२१ व ९४.५६ टक्के होते.